बारा घरं आणि एकही थाप नाही

मी एक जुनी बोलकी पाटी आहे. नावाला पाटी, पण खडूने लिहायची नव्हे. माझ्या अंगावर बारा घरं आहेत. प्रत्येक घरात एक चित्र, आणि चित्र दाबलं की त्या घरात कोणीतरी आधी भरून ठेवलेलं वाक्य मी मोठ्याने बोलते. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांच्यासाठी मला बनवलं आहे. आता माझा एक कोपरा उडालाय, नववं घर जोर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि आवाज तर असा खरखरीत की परका माणूस दचकतो. दचकू दे. मित्रांनो, माझा आवाज गोड होता तोवर कामाचं असं मी फारसं काही बोलले नाही. खरखर आली, तेव्हा कुठे लोक ऐकायला लागले.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. तिथे एक तपासणारी बाई होती. माझ्या प्रत्येक घरात तिने "एक, दोन, तीन" असं भरलं, कान देऊन ऐकलं आणि पुसून टाकलं. मला ती बाई फार आवडली. मोजकं बोलायची, आणि काम झालं की आपलं बोलणं आवरून घ्यायची. पुढे जी माणसं माझ्या वाट्याला आली, त्यांना एवढीही अक्कल नव्हती.

कारखान्यातून मी एका शिकवणीच्या खोलीत आले. बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायच्या दुसऱ्या वाटा शिकवणाऱ्या एक बाई तिथे होत्या. त्यांनी मला एका सहा वर्षांच्या मुलीच्या चाकांच्या खुर्चीवर ठेवलं. तिला घरात भिंगरी म्हणायचे. आईच्या पोटात असताना फार फिरायची, म्हणून जन्माआधीच ते नाव पडलं होतं. जन्मल्यावर पाय फिरले नाहीत, हात ताठ राहिले, जीभ वळली नाही, पण नाव तेच राहिलं. आणि बरंच झालं, कारण तिच्या डोक्यात जे काही चालायचं ते भिंगरीलाही चक्कर आणणारं होतं. मूठ वळवून, तिच्या एका बोटाच्या सांध्याने ती माझं घर दाबायची. वेळ लागायचा. दुरून मूठ निघायची, वाटेत भरकटायची, परत यायची आणि मग नेमकी हव्या त्याच घरावर पडायची. हो म्हणायचं असलं की ती वर छताकडे बघायची, नाही म्हणायचं असलं की बाजूच्या भिंतीकडे. एवढं सगळ्या घराला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

बाईंनी घरच्यांना चार दुपारी समोर बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, "हिला नुसतं मागायला शिकवू नका. हिला भांडायचंय, चिडवायचंय, नको म्हणायचंय. आणि जिथे ही, तिथे पाटी. पाटी घरी ठेवून हिला बाहेर नेलंत, तर हिचं तोंड घरी ठेवून नेलंत." आई, बाबा, काका, काकू, सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी तर वहीत लिहूनही घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी. निदान घडा लिहून तरी घेत नाही.

घरी आल्यावर माझ्या घरांत आवाज भरायचा मान काकूंनी घेतला. काकूंनी कधीकाळी एका समारंभात माईकवरून पाहुण्यांची नावं वाचली होती, तेव्हापासून आपला आवाज म्हणजे मध, असा त्यांचा समज होता. पाणी, भूक, शू, दुखणं, झोप ही घरं झाली. ठीक. आणि उरलेल्या घरांत काय भरलं असेल? "माझं नाव भिंगरी आहे." "तुम्ही कसे आहात?" "धन्यवाद." "मला खूप मजा आली." आणि कळस म्हणजे, "मी शहाणी मुलगी आहे." बारा घरं, आणि त्यात पोरीला स्वतःहून म्हणावंसं वाटेल असं एक वाक्य नाही. मजा यायच्या आधीच मजा आली म्हणून भरून ठेवलेलं! नको म्हणायला तर दार सोडा, खिडकीसुद्धा नव्हती.

पाहुणे आले की माझं प्रदर्शन मांडायचे. कोणीही उठावं आणि पोरीपुढे वाकून विचारावं, "दाखव बरं बाळ, पाणी कुठंय?" अहो, तुमच्या हातात ग्लास आहे, तुम्हाला माहीत नाही पाणी कुठंय? भिंगरी बिचारी दाबायची. मग टाळ्या. "किती गोड! अगदी निष्पाप!" असं म्हणून पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मोठ्या माणसांच्या गप्पांकडे वळायचे. दुसरं वाक्य ऐकायला कोणी थांबायचं नाही. माझं कौतुक फार झालं. असलं कौतुक जळो.

या घरात वर्षातून एकदा, सुट्ट्या लागल्या की पहिल्या रविवारी, काकांच्या गाडीतून सगळे गावाबाहेरच्या तळ्यावर जात. तिथे झाडाखाली चूल मांडून मोठ्या पातेल्यात भात शिजायचा. जेवण झालं की सुरू व्हायची थापांची फेरी. हा त्या घराचा जुना खेळ. गोल करून बसायचं. ज्याचा डाव येईल त्याने एक थाप मारायची, सरळ चेहऱ्याने. सांगणारा असो की ऐकणारा, जो पहिल्यांदा हसेल त्याने ते तळाला करपलेलं पातेलं घासायचं. बस. एवढ्यासाठी ती माणसं वर्षभर थापा जमवून ठेवायची.

या खेळात सर्वांना पुरून उरायची ती आत्या. म्हणजे भिंगरीच्या बाबांची मोठी बहीण. शाळा चौथीपर्यंत, पण जीभ अशी की वकिलाने शिकवणी लावावी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. ढगळ कपडे घट्ट आणि घट्ट कपडे ढगळ करून द्यायचं तिचं काम. आत्याने आजवर एकदाही पातेलं घासलं नव्हतं, आणि हे ती विचारल्याशिवायही सांगायची.

पहिल्या वर्षी मी तळ्यावर गेले, पण कशी? प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, गाडीच्या मागे, जादा चाकाशेजारी. पाणी लागेल म्हणे. आई म्हणाली, "काढू का पाटी?" तर काका म्हणाले, "राहू दे वहिनी. आज सुट्टी आहे, आज तरी तिला कशाला बोलायला लावता?" जसं काही बोलणं म्हणजे शाळेचा गृहपाठ! मग स्वतः मात्र दिवसभर बोलत होते. फेरीत भिंगरीचा डाव आला, तेव्हा काका म्हणाले, "भिंगरीला माफ." आणि पुढे गेले. काय गुन्हा केला होता तिने, की माफ?

दुसऱ्या वर्षी मला बाहेर काढलं, कारण काकूंना फोटो हवा होता. भिंगरी, पाटी आणि मागे तळं. फोटो झाल्यावर मी तिच्या खुर्चीवरच राहिले, ती केवळ पिशव्या गाडीत राहिल्या होत्या म्हणून.

जेवण झालं, फेरी बसली. आत्याने आपली थाप मारली, आणि नंतर डाव भिंगरीचा. काका "माफ" म्हणायला तोंड उघडतात, तोच तिची मूठ निघाली. तिने दाबलं, "मी शहाणी मुलगी आहे." सगळे म्हणाले, "हो गं माझी राणी!" आणि टाळ्या वाजवल्या. भिंगरीचा चेहरा अगदी सरळ. ती पुन्हा दाबायला लागली. या वेळी दाबलं, "मला शू आली आहे."

झालं. धावपळ. तिथलं बाथरूम तळ्यापासून लांब, वर चढावर. आत्या म्हणाली, "सरका, तुम्हाला जमायचं नाही," आणि पोरीला खुर्चीसकट ढकलत वर घेऊन गेली. काही नाही. कोरडं. परत खाली आली, तर फेरी फिरून तिच्यापाशीच आली होती. तिने आपली थाप मारली आणि डाव पुन्हा भिंगरीवर आला. भिंगरीने पुन्हा दाबलं, "मला शू आली आहे." पुन्हा चढ, पुन्हा काही नाही. तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. आत्या घामाघूम झाली, काकू म्हणाल्या, "हात थरथरतो हो तिचा, चुकून लागतंय," आई रडवेली झाली आणि काकांनी निकाल दिला, "पाटी बिघडली आहे. खोटं बोलते."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी कसं देतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि खरं सांगते, काय घडलं हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मीही त्यांच्याइतकीच मठ्ठ निघाले. मला एवढंच दिसलं की तिसऱ्यांदा वरून खाली आल्यावर तिने मूठ मांडीवर ठेवली आणि मग दिवसभर उचलली नाही.

काकांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने माझे स्क्रू काढले, सेल बदलून पाहिले, बाराही घरं दाबली आणि झाकण परत लावलं. म्हणाला, "पाटी ठणठणीत आहे." काका म्हणाले, "अहो, एका दुपारी तीनदा खोटं बोलली!" तो म्हणाला, "दादा, कोणी दाबल्याशिवाय ही बोलत नाही. आणि पाटी खोटं बोलत नसते. माणसं बोलतात."

काकांना राग आला. त्यांनी मला घरी आणून पुढच्या खोलीतल्या कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकलं.

तिथे मी जवळजवळ वर्षभर पडून होते. खाली भिंगरी होती, आणि तिचं तोंड वर माझ्यापाशी होतं. घरातले सगळे तिच्याशी फार प्रेमाने वागायचे. तिला विचारायचे, "भूक लागली ना?" आणि उत्तर बघायच्या आधीच भरवायचे. "झोप आली ना?" आणि निजवायचे. भिंतीकडे बघून बघून तिची मान दुखली असेल. प्रेमाने माणसाला कसं गप्प बसवावं, हे शिकायचं असेल तर त्या घरात जाऊन शिकावं.

मग पुन्हा सुट्ट्या आल्या. तळ्यावर जायला एक आठवडा असताना काका पुढच्या खोलीत येऊन बसले. आत्या एका पँटची शिवण उसवत होती. भिंगरी तिच्या शेजारी खुर्चीत होती, कारण तिला कात्रीचा आवाज आवडायचा.

काका म्हणाले, "ताई, यंदा ती पाटी-बिटी नको हं. आणि तुला गंमत सांगायचीच राहिली. तो दुरुस्तीवाला मला काय म्हणाला माहितीये? म्हणे, पाटी खोटं बोलत नसते, माणसं बोलतात! आता काय म्हणावं अशा माणसाला?"

कात्री थांबली.

"काय म्हणाला? पुन्हा सांग."

काकांनी पुन्हा सांगितलं. हसतहसत.

"आणि यात तुला दात काढण्यासारखं काय वाटलं?" आत्या म्हणाली. "जा तू. गाडी पूस जाऊन. तेवढं तुला जमतं."

काका गेले. आत्याने स्टूल ओढलं आणि भिंगरीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"भिंगरे, माझ्याकडे बघ. गेल्या वर्षी मी तुला त्या चढावरून तीनदा वर नेलं. माझे गुडघे अजून मला शिव्या देतात. तुला खरंच शू आली होती?"

भिंगरीने भिंतीकडे पाहिलं.

"पहिल्या वेळेला पण नाही?"

भिंत.

"मग काय, हात चुकून लागला?"

भिंत. अशी की डोळे फिरून पार भिंतीच्या पलीकडे जातील.

 आत्याची कात्री बोटात तशीच अडकलेली होती. ती स्वतःशी मोजायला लागली. "मी थाप मारली. माझ्यानंतर तू. परत आलो, मी मारली, परत तू. प्रत्येक वेळेला तुझ्यावर डाव आला की... अगं ए! ती थाप होती?"

भिंगरीचे डोळे वर छताला जाऊन चिकटले. आणि मग ती हसायला लागली. आधी बिनआवाजाची, मग खुर्ची खडखडायला लागली, हनुवटीवर लाळ आली, तरी हसतेच आहे. वर्षभर साठवलेलं हसू होतं ते.

मी सुटकेसच्या मागून ऐकत होते. माझ्या बारा घरांत एकही थाप नव्हती. म्हणून त्या पोरीने आहे त्यातूनच दोन शोधून काढल्या होत्या. पहिलीला टाळ्या मिळाल्या, दुसरीला बाथरूम.

दुसरी कोणी असती तर डोळ्याला पदर लावला असता. आत्या तसल्यातली नव्हे. तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "थापाडी म्हणून साऱ्या घरात मिरवते मी. आणि सात वर्षांच्या कार्टीने मला तीनदा चढ चढवला, तोही तोंड न उघडता! आणि मी मूर्खासारखी तिची चड्डी उतरवत बसले."

मग तिने स्टुलावर चढून मला खाली ओढलं, आणि माझ्या पाठीवरचं पुसायचं बटण दाबलं. काकूंचा मध घराघरातून गेला. मला अंग हलकं झाल्यासारखं वाटलं.

काकू धावत आल्या. "अहो वन्सं! निदान 'धन्यवाद' तरी राहू द्या. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. लोकांना तोंडं आहेत," आत्या म्हणाली.

पाणी, भूक, शू आणि दुखणं ही चार घरं तिने पुन्हा ठेवली. तेवढं शहाणपण चौथीपर्यंत शिकवलेलं असतं. पुढच्या घरात "नको." त्याच्या पुढच्यात "थांबा. माझा डाव आहे." मग दादाला, म्हणजे काकांच्या मुलाला, चिडवायला "लबाड कुठला!" आता थाप. आत्याला वाटलं होतं, आपण एक झकास थाप भरून टाकू. पण भिंगरी भिंतीकडे बघत बसली.

"बरं बाई, तुझी तू सांग. कोणावर? बाबावर?" भिंत. "काकूवर?" भिंत. "काकावर?" छत. "घरातली गोष्ट?" भिंत. "तळ्यावरची? त्या बाथरूममधली?" छत, छत. "तिथे कोण होतं? भूत? चोर? म्हातारी?" म्हातारीला छत. "माझ्यासारखी?" छत, आणि वर एक निर्लज्ज हसू.

असं तीन दुपारी चाललं. गिऱ्हाइकांच्या पँटी पडून राहिल्या. एकदा आत्याने शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घुसडलं, तर भिंगरीने चहा होईपर्यंत भिंतीवरची नजर काढली नाही. शेवटी ते पुसावं लागलं. थाप आठव्या घरापासून अकराव्यापर्यंत बसली. बारावं घर भिंगरीने रिकामं ठेवायला लावलं. का, ते सांगितलं नाही.

राहिला आवाज. दादाचा चालेल? भिंत. आईचा? भिंगरीने आईकडे जरा वेळ पाहिलं, मग हळूच भिंत. "मग काय माझा?" आत्या म्हणाली. "अगं, माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी." छत. आत्याने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा छत. पोर मूर्ख नव्हती. त्या घरात बोलताना मध्येच कोणी तोडत नाही असा एकच आवाज होता, तोच तिने उचलला. तेव्हापासून मी अशी बोलते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मला कोणी म्हटलं तर म्हणू दे. जीभ कोणाची आहे ते बघून म्हणा.

रविवारी निघताना काका दारात आडवे आले. "ताई, पाटी कशाला? पाण्याजवळ जाणार आपण."

"तुझं तोंडही काढून घरी ठेव मग," आत्या म्हणाली. "पाण्याजवळ जाणार आपण."

तिने जुन्या रेनकोटातून माझ्यासाठी अंगरखा बेतला होता. समोर पारदर्शक प्लॅस्टिक, मागे चार बंद, ते खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट बांधलेले. मी यंदा पिशवीत नव्हते. खुर्ची जाईल तिथे मी. पाण्याच्या काठाशी गेलो, दोन थेंब उडाले, मी काही विरघळले नाही. दादाने पाण्यात दगड फेकला, म्हणाला सात टप्पे पडले. मी म्हटलं, "लबाड कुठला!" तो इतका चमकला की दुसरा दगड त्याच्याच पायावर पडला.

जेवण झालं. भात यंदा जरा जास्तच लागला होता. पातेल्याच्या तळाला दोन बोटं काळं कवच. त्यामुळे सगळे जपून बसले. फेरी सुरू झाली. आत्या म्हणाली, "काल माझ्याकडे एक पँट आखूड करायला आली. आत माणूस तसाच होता. मी त्यालाही चार बोटं कमी करून दिला." बाबांनी गाल आतून चावला, पण कोणी हसलं नाही.

काका म्हणाले, "भिंगरीला माफ. आता मी..."

"थांबा. माझा डाव आहे."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या साडीचा एक दोरा खुडत होती. "माझ्याकडे काय बघता? ती बोलतेय."

भिंगरीची मूठ निघाली. मित्रांनो, तिची मूठ एका घरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत माणसाने चपला घालून दारापर्यंत जाऊन यावं, एवढा वेळ लागतो. तेवढासुद्धा त्या मोठ्या माणसांना धीर नव्हता. काकू पुढे झुकल्या, "पाणी हवंय का बाळ?" आईचा हात तिचा हात धरायला निघाला. आत्याने स्वतःच्या मांडीवर चापट मारली. "हात मागे. तुझ्या थापेला कोणी हात लावला होता?"

मूठ आठव्या घरावर पडली. मी बोलले, "गेल्या वर्षी त्या वरच्या बाथरूममध्ये एक म्हातारी राहत होती. ती मला म्हणाली, तुला बोलायला शिकवते. पण बदल्यात घरातला एक माणूस दे."

कोणी हललं नाही. मूठ भरकटली, परत आली.

"म्हणून मी दुसऱ्यांदा गेले आणि तिला काका देऊन आले."

काकूंनी ओठ आत ओढले. बाबांचे कान लाल झाले. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. तो चेहरा अजून वाट शोधत होता.

"तिसऱ्यांदा गेले, तर म्हातारी दारातच उभी. म्हणाली, हा परत घेऊन जा."

आता थापेचं एकच घर राहिलं होतं. मूठ निघाली. तळ्यावरची पाखरंसुद्धा मला वाटतं थांबली असतील. निदान काका तरी थांबले होते, आणि ते पाखरांपेक्षा अवघड.

"हा फार बोलतो."

 सगळे दात दाबून बसले होते. आणि मग एक हिचकी आली, मग खुर्ची खडखडली. भिंगरी स्वतःच हसली. तिच्यापाठोपाठ बाबा, दादा, आई, आणि काकू तर सतरंजीवर आडव्याच झाल्या. आत्या तेवढी सरळ बसली होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काका शेवटी हसले. हसता हसता थांबले. "म्हणजे गेल्या वर्षी, त्या तीन वेळा..."

"थापा होत्या, शहाण्या," आत्या म्हणाली. "पोरगी थाप मारत होती आणि आपण तिच्या थापेला बाथरूमला नेत होतो. तू एकटा नव्हेस, मीही. पण मी चौथीच शिकलेय. तुझं काय?"

 

मग दादा म्हणाला, "पण आधी कोण हसलं?"

 सगळ्यांनी पाहिलं होतं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ दे रे, तिला काय..." पुढचा शब्द त्यांच्या जिभेवरच होता. आत्याने तोंड उघडलं. पण तिच्याआधी काका उठले. त्यांनी ते करपलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, नळापाशी नेऊन खाली ठेवलं, आणि येऊन भिंगरीची खुर्ची वळवली.

"आधी भिंगरी हसली," ते म्हणाले. "पातेलं भिंगरीचं."

तिचे डोळे आभाळात गेले. छत नव्हतं ना तिथे.

तिच्या मुठीला घासणी बांधली. पातेलं दोन दगडांत अडकवलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. बाह्या भिजल्या, तोंडाला काळं लागलं, माझ्या अंगरख्यावर राख उडाली. आई न राहवून उठली, तिने घासणीला हात घातला. भिंगरीने घासणीसकट मूठ माझ्यावर आपटली. "नको," मी म्हटलं. आई मागे सरली आणि एका दगडावर बसली. तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिने ते मांडीवर ठेवले. सामान गाडीत भरून झालं, दारं उघडीच राहिली. सगळे एका आठ वर्षांच्या मुलीसाठी खोळंबले, आणि कोणी "माफ" म्हणालं नाही.

शेवटी आत्याने येऊन पातेल्यात डोकावून पाहिलं. "बुडाला काळं राहिलंय," ती म्हणाली. "हे काय घासणं झालं?" आणि खुर्ची पुन्हा नळाकडे वळवली. भिंगरी इतकी खूश मी कधीच पाहिली नव्हती.

घरी आल्यावर तिने आत्याला बारावं घर भरायला लावलं. काय भरायचं ते शोधायला दोन दिवस गेले. जे निघालं ते दोनच शब्द होते.

पुढे मी आणखी सहा वर्षं काम केलं. थापा दर वर्षी बदलल्या, पण "काका देऊन आले" हे नववं घर तिने कधी पुसू दिलं नाही. घरात पाहुणा आला की ती ते दाबायची, म्हणून ते झिजलंय. आता तिच्याकडे नवी पाटी आहे. डोळ्यांनी चालते, हजारो शब्द बोलते, आणि भिंगरी तिच्यावर स्वतः वाक्यं जुळवून काकांशी वाद घालते. कानामागून आली आणि तिखट झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी आत्याच्या शिवणयंत्राशेजारी असते, माझ्यावर सुतं आणि खडू ठेवतात.

मला पुसा, झाका, असं मी सांगणार नाही. धुळीने मी मरत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत माझ्यासारख्या पाटीवरून बोलणारं कोणी असेल, तर फिरायला जाताना आधी पाटी घ्या, मग डबे. तिच्यात नुसती भूक-तहान भरू नका. चेष्टा भरा, भांडण भरा, नकार भरा, आणि काय भरायचं ते तुम्ही ठरवू नका. मूठ निघाली की तोंड मिटून वाट बघा. त्याच्यावर डाव आला की डाव द्या, आणि हरला की पातेलंही द्या. दया करायला तुम्ही कोण? तुमची थाप पडते तेव्हा तुमच्यावर कोणी करतं का?

माझं बारावं घर अजून चालतं. सुट्टीत तळ्यावर काकांची थाप फसली, कोणी हसलं नाही की घरी आल्यावर भिंगरी मुद्दाम माझ्यापाशी येते, त्यांच्याकडे बघत ते दाबते, आणि मी आत्याच्या आवाजात सांगते, "काकाला माफ."

पण तुम्ही पाटी घरी ठेवून पोराला तळ्यावर नेलंत, तर त्या घराकडे बघू नका. ते तुमच्यासाठी नाही.